पांढऱ्या विटा

भट्टी पेटवली की घुमट आधी काजळीनं काळाकुट्ट होतो. आच चढली की तीच काजळी जळून विटा पांढऱ्या पडतात, तेव्हाच पाव आत सोडायचे. बावतीस हे बापाकडून शिकला होता. नव्या नोकरीतली ही भट्टीही दुपारपर्यंत पांढरी पडली. फक्त तोंडाशी पंजाच्या आकाराचा डाग काळाच राहिला. पाचही बोटं स्पष्ट.

त्यानं आणखी लाकडं सारली. डाग जाईना.

“आमचे हे तिथंच हात धरून आच बघायचे,” बेकरीची मालकीण म्हणाली.

“पण काकी, काकांना जाऊन वर्ष झालं ना?”

“झालं की. तरी त्यांनी हात काढल्याशिवाय पाव सोडू नकोस.”

बावतीसनं वाकून आत पाहिलं. करंगळीपासून एकेक बोट सावकाश पांढरं होत होतं.