उलट्या वळणाची गोगलगाय

"हे भरतकाम कोणाचं गं?" ब्लियाने विचारलं, आणि हातातली पिशवी पुढे केली.

दुकानातली माइसी गिऱ्हाइकांत गुंतली होती. हनोईहून आलेल्या दोन बायका एकच जाकीट आलटून पालटून अंगावर लावून बघत होत्या. प्रत्येक कपड्याला एक चिठ्ठी बांधलेली होती. सीमेपलीकडे विकलेल्या आणि परत आलेल्या मुलींनी हे शिवलं आहे, तुमच्या खरेदीतून आणखी मुलींचा शोध चालतो, असं तिच्यावर छापलेलं. ब्लियाला वाचता येत नव्हतं, पण या दुकानात कोण शिवतं हे दोंग वानच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"सगळ्या मिळून करतो आम्ही, आजी. आवडली का पिशवी?"

"मला नको शिकवूस. सुई धरून पन्नास वर्षं झाली. ही गोगलगाय एका हाताची आहे."

माइसीने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

पिशवीच्या निळ्या तागाच्या कापडावर लाल दोऱ्याची गोगलगाय होती. मधला ठिपका म्हणजे पूर्वज, भोवतीचे वेढे म्हणजे वाढता वंश. इथल्या डोंगरातली प्रत्येक ह्मोंग बाई ती उजवीकडे वळवते. डावीकडे वळली की वंश आत ओढते, घर ओस पाडते. ही डावीकडे वळलेली होती.

गेल्या रविवारी एका परदेशी बाईच्या खांद्यावरच्या पिशवीवर ब्लियाने अशीच गोगलगाय पाहिली होती. घोड्यांच्या बाजारातून, चिखलातून, ती वेड्यासारखी त्या पिशवीमागे धावली. दम लागला आणि पिशवी गर्दीत दिसेनाशी झाली. आज गुडघ्यांची कुरकुर न ऐकता ती तीन तास डोंगर उतरून आली होती. छातीतलं दुखणं वैद्याच्या हाताबाहेर गेलं होतं. पाकूचं तोंड एकदा बघायचं आणि 'माझा राग नाही' एवढं तिच्या तोंडून ऐकायचं. दुसरं काही नको होतं.

"पाकू नाव तिचं," ब्लिया म्हणाली. "इथे आहे ना ती?"

माइसीचा जाकिटाची घडी घालणारा हात थांबला. "पाकू तुमची कोण, आजी?"

ब्लियाने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "आई आहे मी तिची."

माइसीने त्या दोन बायकांना गोड बोलून बाहेर काढलं. आत जाऊन कोणाला तरी दबक्या आवाजात काही सांगितलं. मागचं दार वाजलं आणि कोणीतरी पळत गेल्याचं ऐकू आलं. पाकूलाच बोलवायला गेलं असणार, ब्लियाचा जीव भांड्यात पडला. तिने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा नीट बांधला.

"बसा. चहा घ्या. थोडा वेळ लागेल," माइसी म्हणाली आणि समोर बसली. "तिला हा टाका तुम्हीच शिकवलात?"

"मग काय! डावरी आहे मी. माझी गोगलगाय जन्मात कधी सरळ चालली नाही."

ब्लियाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. काय दिवस होते ते! आठ दिवस पावसाची झड लागली होती. नदी फुगलेली, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. चुलीवर मक्याचं पीठ वाफवत ठेवलेलं आणि भोवती पोरींचा घोळका. पाकू मांडीला मांडी लावून बसायची. ब्लियाचा हात बघून बघून शिकली, उलटं वळणही जसंच्या तसं उचललं पोरीने. पहिली गोगलगाय पुरी झाली तेव्हा ती अशी खिदळली की ब्लियालाही हसू आवरेना. सबंध आयुष्यात ब्लियाच्या चुलीपाशी तसं कोणी हसलं नव्हतं.

"उलटी गोगलगाय शिकवलीत? आमच्या आयांनी सुई हिसकावून घेतली असती."

"अगं, पावसात कोंडलेल्या पोरी. हाताला काम नको? पाकू शहाणी. बाकीच्या नुसत्या रडूबाई."

"किती जणी होत्या?"

"पाच की सहा. आता कोणाची तोंडं आठवतात?" ब्लियाने चहाचा घोट घेतला. "नवव्या दिवशी पाणी उतरलं. नदीच्या काठावर मी तिचा हात सोडला. सोडायला नको होता, पोरी. बारा वर्षं झाली, त्या हाताची ऊब अजून जात नाही."

हे मात्र अक्षरशः खरं होतं. नव्या वर्षाच्या जत्रेत पोरी चेंडू झेलताना दिसल्या की तिचा तळहात आजही गरम व्हायचा.

माइसीने कप पुन्हा भरला. थोडा चहा टेबलावर सांडला.

"रागावली असेल ना माझ्यावर?" ब्लियाने विचारलं. "खरं सांग. परत आल्यावर काही बोलली का माझ्याबद्दल?"

"बोलतो आम्ही तुमच्याबद्दल. रोज बोलतो."

मागच्या दाराशी मोटारसायकली थांबल्या. ब्लिया टेबलाचा आधार घेत उठली. तिचं सगळं लक्ष त्या दाराकडे लागलं होतं.

माइसीही उठली. पुढचं दार लोटून तिने आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"पाकू परत आलीच नाही, मावशी. तुझ्या त्या झोपडीतून पलीकडे विकलेल्यांपैकी आम्ही तिघीच परत आलो, आणि 'मावशी' सोडून तुझं नाव-गाव आम्हाला कधी कळलं नव्हतं, म्हणून नऊ वर्षं प्रत्येक पिशवीवर तुझी गोगलगाय काढत बसलो, ती ओळखून कधीतरी तूच चालत येशील म्हणून."