कडी

पिंपरीत पहिला कारखाना उभा राहत होता त्या सालची गोष्ट. आकुर्डीत महिला मंडळाने मडकी घडवायचा वर्ग काढला होता. भाजलेलं मडकं वाजवून पाहायची रीत. गोजाबाईंनी आपलं वाजवलं. खणखणीत वाजलं.

मग आतून उत्तर आलं. दोनदा टकटक, जरा थांबून पुन्हा एकदा.

गोजाबाईंनी हात मागे घेतला. गेल्या उन्हाळ्यात त्यांची धाकटी जाऊ अशीच दार वाजवत उभी होती. भांडणाच्या रागात त्यांनी कडी काढलीच नाही. दिवेलागणीला ती विहिरीत सापडली.

त्यांनी घाईघाईने मडक्यात पदर कोंबला. टकटक थांबली.

“पक्कं हाय न्हवं?” शिकवणाऱ्या शालनबाईंनी विचारलं.

“व्हय.”

तेवढ्यात वर्गाचं दार वाजलं. दोनदा, जरा थांबून पुन्हा एकदा.

“गोजाबाई, तुमीच जवळ हायसा,” शालनबाई म्हणाल्या. “काढा की कडी.”