एकटीने सरळ

अवंतीची छोटी कयाक होडी पुन्हा उलटली आणि पुन्हा बाबांनीच पोहत येऊन ती सरळ केली.

डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. भास्करराव मात्र कयाक घट्ट धरून विचारत होते, "नाकात नाही ना गेलं पाणी?"

"हात काढा, बाबा."

समा भागातल्या तरणतलावावर सकाळपासून हेच चाललं होतं. कयाकचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात खुपसायचं, ती नाकावर उभी राहिली की पायांनी उसळी घ्यायची आणि होडीसकट हवेत कोलांटी मारायची. चुकली तर माणूस डोकं खाली करून पाण्यात लटकतो. मग वल्हं मारून, कमरेला झटका देऊन आपलं आपणच वर यायचं. 'उलटल्यावर एकटीने सरळ होऊन दाखव, मगच ऋषिकेशच्या शिबिराला जा,' ही अट भास्कररावांचीच. आणि एकटीला सरळ होऊ देत नव्हते तेही तेच. उद्या शिबिराची गाडी निघणार होती.

शिकवणारा हार्दिक काठावरून म्हणाला, "काका, एने एकली करवा दो ने. करू द्या तिला एकटीला."

"तुला मुलगी झाली की मग सांग मला."

अवंतीने पाण्यावर वल्हं आपटलं. "बाहेर व्हा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा. मी सांगेपर्यंत वळायचं नाही."

घरात असा आवाज आजवर फक्त भास्कररावांचा लागत असे. ते निमूटपणे बाहेर आले आणि निथळत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तिने कयाकचं नाक पाण्यात घातलं आणि सगळा राग पायांत उतरवून उसळी मारली. आभाळ खाली गेलं, वर आलं. कोलांटी झाली, पण होडी तिरकी पडली आणि उलटली. पाण्याखाली ती क्षणभर थांबली. बाबांचा हात येईल म्हणून थांबली. आपण वाट बघतोय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच चीड आली. तिने वल्हं ओढलं, कमरेला झटका दिला आणि ती वर आली.

हार्दिक टाळ्या वाजवत होता.

"बघितलंत, बाबा?"

"तूच म्हणालीस, वळायचं नाही." पाठ तशीच होती. "पण ऐकलं मी. उलटलीस तेही आणि वर आलीस तेही. जा तू शिबिराला."

जे हवं होतं ते मिळालं होतं, तरी तिचा राग उतरेना. उलट आणखीच चढला.

"ऐकून चालणार नाही. वळा. परत करते."

ती कयाक खोल पाण्याकडे घेऊन गेली. भास्करराव वळले. एका हाताने त्यांनी आपलाच दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता.