रेसच्या गाडीतली टिकटिक

कान गेल्यापासून अकोल्याचे खुशालराव मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक चालू इंजिनला टेकवत, दुसरं दातांत धरत आणि हाडांतून इंजिन ऐकत. ही विद्या विलायतेतही कोणाला येत नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

अमरावतीच्या डॉक्टरांची साठ वर्षांची विलायती रेसगाडी रविवारी जुन्या गाड्यांच्या शर्यतीत पळणार होती. पण खुशालरावांना इंजिनात टिकटिक जाणवली. "हे जाईस्तोवर गाडी भेटत नाई," त्यांनी बजावलं. तीनदा इंजिन खोललं, व्हॉल्व्ह बदलले, टिकटिक तशीच. शनिवारी डॉक्टर घरून निघाले, तरी हे चौथ्यांदा पाने घेऊन बसलेले.

चहा घेऊन आलेल्या सुभद्राबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि त्या कानाशी ओरडल्या, "अवं, इंजिन राहू द्या. पयले तुमी तोंड खोला."

डॉक्टर पोचले तेव्हा गाडी तयार होती. त्यांनी खुशालरावांच्या कानाशी ओरडून विचारलं, "मिस्त्री, टिकटिक कशाची निघाली हो?"

"काई नाई डाक्टरसाहेब, एक पार्ट ढिला होता. काढून टाकला."



आत सुभद्राबाई तो पार्ट, म्हणजे खुशालरावांची नवी कवळी, वाटीतल्या पाण्यात बुडवत होत्या.