चवीनुसार

चमचा जीभबाईंच्या ओठांपासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. चमच्यामागे शेफ हसत होते. शेफच्या मागे कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यामागे अख्खं सभागृह.

"घ्या ना," शेफ म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते खरं."

जीभबाईंना पळून जावंसं वाटलं. पण स्टेजच्या पायऱ्या शेफच्या पलीकडे होत्या. वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं खाण्यावर लिहिणाऱ्या या बाईंना कचेरीत सगळे जीभबाईच म्हणत. एका घासात त्या सांगायच्या, कांदा किती परतलाय आणि परतणारी किती कंटाळली होती.

आणि या जीभबाईंची चव गेली होती. हिवाळ्यात साधा ताप आला, उतरला आणि जाताना चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा येणारही नाही. जीभबाईंनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, घरी नाही की कचेरीत नाही. जिभेवर पोट चालायचं. ती गेली हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

घरचा स्वयंपाक तेव्हापासून अंदाजपंचे चालला होता. नवरा मुकाट्याने वरून मीठ घ्यायचा. मुलगी डबा अर्धा परत आणायची. सासूबाई विचारायच्या, "हल्ली तुझं लक्ष कुठे असतं गं?" उरलेलं टाकून देताना जीभबाईंना रडू यायचं.

अशात हे पुस्तक परीक्षणाला आलं. टीव्हीवर रोज दिसणाऱ्या या शेफचं पहिलंच पुस्तक, तेही घरी रांधणाऱ्यांसाठी. बाकीच्या परीक्षकांनी त्याचा पार भुगा केला होता, कारण अख्ख्या पुस्तकात 'चवीनुसार' हा शब्दच नव्हता. मीठसुद्धा ग्रॅममध्ये. 'चाखून बघा' असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. हा माणूस स्वयंपाक शिकवतोय की औषधाच्या पुड्या बांधायला, असं एकाने लिहिलं.

"घरात कोणी मीठ तोलत बसतं का?" संपादक म्हणाले. "हात आपोआप सांगतो. हाणा एक सणसणीत, जीभबाई. तुमच्या शब्दाला वजन आहे."

जीभबाईंनी आधी वजनकाटा आणला. पुस्तकात होतं तसं, काडीचाही फरक न करता केलं. त्या दिवशी नवऱ्याचा हात मिठाकडे गेला नाही. मुलीचा डबा चाटूनपुसून घरी आला. सासूबाई म्हणाल्या, "आता कसं! आलीस एकदाची माणसांत." जीभबाई आत गेल्या, नळ सोडला आणि मनसोक्त रडल्या.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. पुस्तक वाईट म्हणावं, तर ज्याने अडचणीत हात दिला त्याच्याच तोंडात मारायची. चांगलं म्हणावं, तर लोक विचारणार, तुमच्यासारखीला काटा लागतोच कशाला? त्यांनी चालढकल करून बघितली. शेवटी संपादकांनीच प्रकाशन समारंभाला त्यांना स्टेजवर बसवलं. घरच्या स्वयंपाकाला हे पुस्तक चालेल की नाही, ते चारचौघांत सांगा म्हणाले. सांगायच्या आधी चाखायचंही आहे, हे मात्र कोणी बोललं नव्हतं.

शेफनी सगळ्यांसमोर कस्टर्ड केलं होतं. टेबलावर शोभेसाठी काचेच्या बरण्या मांडल्या होत्या, सगळ्या एकसारख्या. त्यातली एक उघडून शेफनी साखर काट्यावर तोलली आणि घातली. झाल्यावर एक चमचा स्वतः घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा!" टाळ्या पडल्या.

दुसरा चमचा जीभबाईंसाठी. पहिल्या रांगेतून संपादक मान पुढे काढून बघत होते.

जीभबाईंनी तोंड उघडलं. ऊन लागलं, गुळगुळीत लागलं, घशाशी जरा चरचरलं. बाकी काही नाही, भिंत चाटावी तसं. त्यांनी मनात म्हटलं, खोटं बोलायचंच आहे तर निदान चांगल्यासाठी बोलावं.

"पुस्तक घरच्यांसाठीच आहे," त्या माइकवर म्हणाल्या. "सांगितलंय तेवढंच घाला, चुकणार नाही. आता हेच बघा ना, गोडी कशी बेताची उतरलीय!"

सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. संपादकांनी कपाळाला हात लावला. शेफचा चेहरा मात्र असा खुलला, की एवढ्या मोठ्या माणसाला एका शाबासकीचं इतकं काय, असं जीभबाईंना वाटून गेलं. आपलं निभावलं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला.

टाळ्या चालू असतानाच सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने हौसेने एक चमचा तोंडात घातला. आणि तिथल्या तिथे रुमालात थुंकला.

"अगं बाई! मीठ आहे हे! नुसतं मीठ!"

टाळ्या विरल्या. मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग तेही थांबलं. सगळ्यांची नजर जीभबाईंवर आली. त्यांचे कान तापले. संपलं सगळं, त्यांना वाटलं, आता कोणीतरी उठून विचारणार. आता शेफनीच काहीतरी विनोद करून वेळ मारून न्यावी, म्हणून त्यांनी आशेने वर पाहिलं.

शेफ त्या एकसारख्या बरण्यांकडे बघत होते. त्यांनी हाताने माइक झाकला आणि ते जीभबाईंच्या कानाशी वाकले.

"माझी दोन वर्षं झाली जाऊन," ते म्हणाले. "तुमची?"