मास्तरांचा फोटो

नवरा गेल्यावर घर चालवायला ती बेकरीत पीठ मळायला लागली, पण तिचे पाव काही केल्या फुगेनात. एकदा बेकरीचे मुख्य कारागीर असलेल्या मास्तरांनी सगळ्यांसमोर तिचा अख्खा गोळा उचलून कचऱ्याच्या डब्यात फेकला. "हातात नाही, डोक्यात खोट आहे तुझ्या! डोक्यातल्या समजुती बदल, नाहीतर उद्यापासून घरी बस." ती राग गिळून पुन्हा पीठ मळायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांचा एक फोटो मागून घेतला आणि मळायच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवला. तेव्हापासून तिचे पाव असे टम्म फुगायला लागले, की दुकान उघडायच्या आत बाहेर रांग लागायची.

पावाबरोबर मास्तरांची छातीही फुगली. एक दिवस ते मालकांना हाताला धरून आत घेऊन आले. "बघा, गुरू मानते मला! सांग गं त्यांना, माझ्या शिकवणीनं कुठली समजूत बदललीस?"

तिनं फोटोकडे एकदा डोळे भरून पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि दोन्ही मुठी आवळल्या.



"एकच, मास्तर. टेबलावर पडलंय ते पीठ आहे, ही समजूत मी सोडून दिली."