रोजची नाकाबंदी

नवऱ्याला यायला रोज रात्रीचा एक वाजायचा. "चौकात पोलिसांनी मोटरसायकल अडवली गं, कागद तपासत बसले," म्हणत तो हेल्मेट काढायचा. तोवर रडून रडून बाळ माझ्या खांद्यावर नुकतंच झोपलेलं असायचं. मी पोलिसांच्या नावाने बोटं मोडायचे.

काल दीड वाजला तरी त्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात त्याच्याच फोनवरून चौकीतल्या हवालदाराचा आवाज आला.

"घाबरू नका वहिनी, साहेब धडधाकट आहेत. बाळ झोपलं का?"

"हो, आत्ताच. पण का?"


"मग उठवून पाठवतो त्यांना. रोज बाळ झोपेपर्यंत आमच्याच बाकावर पडून असतात, पण घोरतात इतके, की ड्यूटीवर कुणाचाच डोळा लागत नाही!"